पुस्तक गुरू कसं असेल? लातूरच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर

राम कृष्ण हरी ताई, आणि वाहेगुरू जी का खालसा, वाहेगुरू जी की फतेह.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून नांदेडला सचखंड हुजूर साहिबला आलात, घर वारकरी, सासूबाई दर श्रावणात ज्ञानेश्वरीचं पारायण करतात. इथे बघितलं तर गुरू ग्रंथ साहिबवर, म्हणजे आमच्या धर्मग्रंथावर, रेशमी रुमाले, वर छत, एकजण सारखी चवर ढाळतोय, लोक रांगेने येऊन डोकं टेकवतायत, आणि कुणीतरी सांगितलं की रात्री ग्रंथाला झोपवतात आणि पहाटे उठवतात. तुमचा मुलगा म्हणाला की हे लोक तर मूर्तिपूजा मानत नाहीत, मग हे काय आहे. आणि तुमचा स्वतःचा प्रश्न त्याच्या पुढचा, की गुरू म्हणजे ज्याला शंका विचारता येते, आपलं चुकलं तर जो कान धरतो, पुस्तक ते कसं करणार?

मी नांदेडचाच, मराठी शाळेत शिकलेला. गेली 26 वर्षं ग्रंथाचा पाठ करतो, म्हणजे संगतीसमोर ग्रंथ वाचतो, आणि मुलांना संथ्या देतो. संथ्या हा शब्द तुम्हाला ओळखीचा वाटेल, आपल्याकडे वेदपाठशाळेत गुरुजी संथा देतात तोच हा शब्द, समोरासमोर बसून ओळ न ओळ म्हणून घ्यायची, उच्चार, थांबायची जागा, सगळं. तर जे वाचनातून आणि शिकवण्यातून कळलं ते लिहितो, लांबेल जरा.

मुलाचा प्रश्न नंतर घेतो कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय तो सुटतच नाही.

बहुतेक लोकांना वाटतं की शिखांचे दहा गुरू माणसं होती, मग दहाव्यांनंतर वारस नव्हता म्हणून नाइलाजाने पुस्तकाला गुरू केलं. हे पहिल्यापासून उलटं आहे. गुरू नानक हयात असतानाच त्यांना हा प्रश्न विचारला गेला होता. सिद्धांशी, म्हणजे गोरखपंथी योग्यांशी त्यांचा जो संवाद आहे, सिध गोसटि म्हणतात त्याला, त्यात योगी सरळ विचारतात, 'तेरा कवणु गुरू जिस का तू चेला', तुझा गुरू कोण, तू चेला कोणाचा? आणि नानक उत्तर देतात, 'सबदु गुरू सुरति धुनि चेला'. शब्द गुरू आहे आणि त्या धुनीत लागलेली सुरत, म्हणजे आपलं ध्यान, आपली जाणीव, ती चेला आहे. अंग 943 वर आहे हे. (आम्ही पान म्हणत नाही, अंग म्हणतो, गुरूच्या देहाचे अवयव म्हणून, एकूण 1430 अंग आहेत.) आता बघा, या उत्तरात माणूस दोन्हीकडे नाही, गुरूच्या जागी पण देह नाही आणि चेल्याच्या जागी पण देह नाही. म्हणजे देहधारी गुरू समोर बसलेला असताना सुद्धा शिकवणारा तो देह नव्हता, त्याच्या तोंडून येणारा शब्द होता. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं आपोआप जागेवर बसतं.

गुरू नानकांनी स्वतःच्या मुलांना सोडून भाई लहणांना गादी दिली, त्यांचं नाव अंगद केलं, आणि जुन्या जनमसाखीत, म्हणजे नानकांच्या चरित्रकथांत, असं येतं की गादीबरोबर बाणीची, म्हणजे रचनांची, पोथीही त्यांच्या हवाली केली. पुढे सत्ता आणि बलवंड या दोन गायकांनी या वारसाबद्दल लिहिलं, तेही ग्रंथातच आहे, 'जोति ओहा जुगति साइ सहि काइआ फेरि पलटीऐ'. ज्योत तीच, रीत तीच, फक्त काया बदलली. म्हणूनच तुम्ही ग्रंथ उघडला तर दिसेल की पहिले, दुसरे, तिसरे, चौथे, पाचवे, नववे, सगळे गुरू रचनेत छाप 'नानक' अशीच घालतात. कुणाची रचना ते कळावं म्हणून वर महला 1, महला 3, महला 5 असा आकडा असतो, नाव नाही. स्वतःचं नाव पुसून टाकण्याची इतकी काळजी जिथे घेतली तिथे व्यक्तीला गुरू मानायचं नाही हे आधीपासून ठरलेलं होतं असंच मला वाटतं.

चौथे गुरू रामदास तर शब्द फिरवून फिरवून सांगतात, 'बाणी गुरू गुरू है बाणी विचि बाणी अंम्रितु सारे'. आणि पाचवे गुरू अर्जन यांनी सगळी बाणी गोळा करून अमृतसरला रामसर तलावाच्या काठी भाई गुरदासांकडून लिहून घेतली, 1604 ला ती पोथी हरिमंदर साहिबमध्ये, म्हणजे सुवर्णमंदिरात, आणली, बाबा बुड्ढा पहिले ग्रंथी, म्हणजे ग्रंथ वाचणारे, झाले. परंपरा असं सांगते की त्या रात्री पोथी पलंगावर ठेवली आणि गुरू अर्जन स्वतः शेजारी जमिनीवर झोपले. ज्याने पोथी तयार केली, ज्याची स्वतःची बाणी त्यात सगळ्यात जास्त आहे, तो खाली आणि पोथी वर. तुम्ही जे रात्री झोपवणं बघितलं, आम्ही त्याला सुखासन म्हणतो, त्याची आठवण या रात्रीशी जोडलेली आहे.

अजून एक प्रसंग सांगतो, तो मला लहानपणापासून हलवून टाकतो. सातवे गुरू हरराय यांचा थोरला मुलगा रामराय औरंगजेबाच्या दरबारात गेला होता. तिथे त्याला विचारलं की तुमच्या बाणीत 'मिटी मुसलमान की' असं का लिहिलंय. मूळ ओळ गुरू नानकांची, मुसलमानाची पुरलेली माती शेवटी कुंभाराच्या चाकावर येते आणि भट्टीत जळते, मग पुरलं काय जाळलं काय, वाद कशाला असा तिचा भाव. रामरायने बादशहाची मर्जी राखायला म्हटलं की ते 'मुसलमान' नाही, 'बेईमान' असं आहे. एक शब्द. गुरू हररायांना कळल्यावर त्यांनी पोटच्या मुलाचं तोंड परत बघितलं नाही, गादी धाकट्या हरकृष्णांना गेली, जे तेव्हा पाच वर्षांचे होते. मुलगा मोठा की शब्द मोठा याचा निकाल त्या दिवशी लागला, आणि नांदेडला ग्रंथाला गुरूपद मिळालं त्याच्या जवळपास पन्नास वर्षं आधी लागला.

मग 1708. गुरू गोबिंदसिंघ इथे गोदावरीच्या काठी. त्याआधी पंजाबात दमदमा साहिबला असताना त्यांनी वडिलांची, गुरू तेग बहादुरांची बाणी ग्रंथात घालून घेतली होती, स्वतःच्या रचना मात्र घातल्या नाहीत. हे किती लोकांच्या लक्षात येतं मला माहीत नाही, पण ज्याने ग्रंथाला गुरूपद दिलं त्याची स्वतःची रचना ग्रंथात नाही. ऑक्टोबर महिन्यात, देह ठेवायच्या आधी, त्यांनी पाच पैसे आणि नारळ ग्रंथापुढे ठेवला, प्रदक्षिणा घातली, डोकं टेकवलं. आधीच्या गुरूने पुढच्याला गादी द्यायची जी रीत होती तीच ही रीत, फक्त समोर यावेळी माणूस नव्हता. अरदासनंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, जो दोहरा सगळीकडे म्हणतात, 'सभ सिखन को हुकम है गुरू मानिओ ग्रंथ', तो या रूपात नंतरच्या काळात रुळला, पण गुरूंच्याच दरबारातला कवी सेनापती लिहून गेलाय की शेवटी शिखांनी विचारलं तेव्हा गुरूंनी खालशाला, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांच्या समुदायाला, आपलं रूप म्हटलं आणि शब्दाला गुरू म्हटलं. 2008 ला या घटनेची 300 वर्षं नांदेडला झाली तेव्हा अख्खं गाव बदलून गेलं, तुम्ही लातूरचे म्हणजे तुम्हालाही आठवत असेल.

हे झालं इतिहासाचं. आता तुमची खरी शंका, पुस्तक कान कसा धरणार.

ताई, धरतं. पण त्याला अट आहे, आपण वाचलं पाहिजे, आणि स्वतःला दुरुस्त करून घ्यायला म्हणून वाचलं पाहिजे. मी शिकत असताना माझा वेग फार होता, अखंड पाठात म्हणजे न थांबता जवळपास 48 तास जो पाठ चालतो त्यात माझी पाळी असली की घड्याळाच्या पुढे असायचो आणि त्याचा मला अभिमान होता. माझ्या उस्तादांनी एक दिवस मध्येच हात वर केला आणि विचारलं, आत्ता वाचलेल्या ओळीत 'मनु' होतं, 'मनि' होतं की 'मन' होतं? मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, मग तू काय वाचलंस, तू फक्त आवाज काढलास. त्या संध्याकाळी मी तेच एक अंग घरी बसून परत वाचलं, दोन तास लागले.

हे मनु-मनि-मन काय आहे ते सांगतो कारण मराठी माणसाला हे पंजाब्यापेक्षा लवकर कळतं. गुरबाणीत शब्दाच्या शेवटी जी ऱ्हस्व उकार-इकाराची खूण असते ती बहुतेक वेळा उच्चारायची नसते, ती व्याकरण सांगते. 'मनु' म्हणजे मन कर्ता म्हणून, एकवचन. 'मनि' म्हणजे मनात, मनाने. 'मन' म्हणजे हे मना, किंवा मनाचा. ज्ञानेश्वरीत तुम्ही 'देवो', 'रामु', 'मनीं' अशी रूपं बघता ना, त्याच जुन्या घराण्यातलं हे. आता ओळ वाचताना 'मन मेरे' आलं तर गुरू माझ्या मनाला हाक मारतोय, 'मनु' आलं तर मनाबद्दल बोलतोय. हाक मारली आणि आपल्याला कळलंच नाही की आपल्याला मारली तर गुरू काय करणार? म्हणून संथ्या. शुद्धलेखनाची हौस म्हणून नाही.

दुसरी गोष्ट रहाउ. प्रत्येक शबदात, म्हणजे पदात, साधारण एक ओळ असते जिच्यापुढे रहाउ लिहिलेलं असतं, म्हणजे थांब. बरेचदा ती शबदाच्या मध्ये येते, पहिल्या पदानंतर. तीच मुख्य गोष्ट असते, बाकीची पदं तिचा दाखला, अभंगाचं ध्रुपद असतं ना तसं, कीर्तनात परत परत तिच्यावर यायचं. मी मुलांना सांगतो आधी रहाउ शोधा, गुरूला काय म्हणायचंय ते तिथे सापडेल, मग बाकीचं वाचा. मधलीच एखादी ओळ उचलून फोनवर फॉरवर्ड करणाऱ्यांमुळे जितका गैरसमज होतो तितका कशानेच होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पुष्कळदा ती ओळ समोरच्या योग्याचं किंवा पंडिताचं म्हणणं असतं आणि उत्तर रहाउमध्ये असतं.

आणि शंका विचारता येते का? ग्रंथाच्या आतच शंका विचारलेल्या आहेत. शेख फरीद म्हणतात, जे रबाच्या, म्हणजे देवाच्या, रंगात रंगले त्यांचं शरीर कापलं तरी रक्ताचा थेंब निघणार नाही. ऐकायला छान आहे पण मनात येतंच की हे कसं शक्य आहे, शरीर आहे म्हणजे रक्त असणारच. तर लगेच खाली गुरू अमरदासांचा श्लोक ठेवलाय, महला 3, 'इहु तनु सभो रतु है रतु बिनु तंनु न होइ', अरे हे शरीर तर सगळं रक्तच आहे, रक्ताशिवाय शरीर होत नाही, पण जे आपल्या धन्याच्या रंगात रंगले त्यांच्या अंगात लोभाचं रक्त नसतं. फरीद बाराव्या-तेराव्या शतकातले, अमरदास सोळाव्या. तीनशे वर्षांनी उत्तर आलं आणि ग्रंथ लिहून घेताना दोघांना शेजारी बसवलं, फरीदांचा श्लोक काढला नाही, बदलला नाही. मला यात शिकवण्याची पद्धत दिसते. विद्यार्थ्याला फक्त उत्तर देत नाहीत, दोन मोठी माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते ऐकवतात.

आता हुकमनामा. पहाटे प्रकाश करताना म्हणजे ग्रंथ उघडताना, आणि अरदास झाल्यावर, ग्रंथ कुठेही उघडला जातो आणि डाव्या अंगावर वर जो शबद असेल तो पहिल्यापासून वाचतात, तो मागच्या अंगावर सुरू झाला असेल तर पान मागे उलटून सुरुवातीपासून. तो त्या दिवसाचा हुकम. मुलाचं नाव ठेवायचं तरी हुकमाच्या पहिल्या अक्षरावरून ठेवतात. लग्नात, ज्याला आनंद कारज म्हणतात, चार लावां, म्हणजे लग्नाची चार पदं, वाचल्या जातात आणि जोडपं ग्रंथाभोवती चार फेऱ्या घेतं, अग्नी नसतो, साक्षीला गुरू बसलेला असतो.

लोक इथे गल्लत करतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. हुकम म्हणजे कौल नाही ताई. आपल्याकडे देवाला कौल लावतात, उजवं फूल पडलं की होय, तसं करून बघायला लोक येतात. एकदा दोन भाऊ आले, शेताच्या वाटणीवरून भांडण होतं, म्हणाले हुकम घ्या, जमीन विकायची की नाही ते गुरूला विचारायचंय. मी सांगितलं की सात-बाराचं काम असेल तर वकिलाकडे जा, गुरू तुम्हाला जमिनीचा भाव सांगणार नाही. तरी बसले. हुकम आला तो हउमैचा होता, 'हउमै दीरघ रोगु है दारू भी इसु माहि', मी-माझं हा जुनाट रोग आहे आणि त्याचं औषधही त्याच्यातच आहे. धाकट्याने अर्थ विचारला, मी सांगितला. थोरला काहीच बोलला नाही, खाली बघत बसला बराच वेळ. त्यांची वाटणी पुढे कशी झाली मी विचारलं नाही. पण ग्रंथ उघडल्यावर प्रश्न जमिनीवरून स्वतःवर आला एवढं मी डोळ्यांनी बघितलं. गुरू एवढंच करतो. आपण विचारतो एक, तो दाखवतो आपल्यालाच.

बरं, आता तुमच्या मुलाचा प्रश्न, आणि याचं उत्तर द्यायला मी आपल्याच माणसाला बोलावतो. ग्रंथात पंधरा भगतांची, म्हणजे संतांची, बाणी आहे आणि त्यात नामदेव आहेत, आपले शिंपी नामदेव, त्यांचे 61 शबद. कबीर, रविदास, फरीद, सगळ्यांच्या बरोबरीने. नामदेवांचा एक शबद राग आसामध्ये आहे:

आनीले कुंभ भराईले ऊदक ठाकुर कउ इसनानु करउ ॥
बइआलीस लख जी जल महि होते बीठलु भैला काइ करउ ॥

मराठी माणसाला अर्थ सांगायची गरज आहे का? आनीले, भराईले, भैला, काइ करउ. घागर आणली, पाणी भरलं, देवाला आंघोळ घालू म्हटलं, तर पाण्यात बेचाळीस लाख जीव आधीच आहेत, त्यातच विठ्ठल आहे, मी काय करू? पुढे फुलं आणली माळ केली, तर भुंग्याने वास आधीच घेतलेला. दूध आणून खीर केली, तर वासराने आधीच उष्टं केलेलं. आणि रहाउ काय आहे, 'जत्र जाउ तत बीठलु भैला', जिथे जावं तिथे विठ्ठलच. पहिल्यांदा हा शबद मी पंजाबात एका जत्थ्यासमोर वाचला तेव्हा तिथल्या वयस्कर पाठींनी मला 'भैला' चा अर्थ विचारला होता. मी म्हटलं आमच्याकडे 'झाला' म्हणतात तोच अर्थ.

तर ग्रंथाला आम्ही नैवेद्य दाखवून जेवू घालत नाही, त्याच्याकडे देवाची प्रतिमा म्हणून बघत नाही. तो देव नाही, गुरू आहे. जो मान राजाच्या, गुरूच्या देहाला त्या काळी मिळायचा तो सगळा शब्दाला दिला. चवर राजावर ढाळत, छत राजाच्या डोक्यावर धरत, गादी उंच. संगत म्हणून बसलेला माणूस खाली, मग तो कोणी का असेना. इथलं सचखंड महाराजा रणजितसिंघांनी 1832 ते 1837 मध्ये बांधून घेतलं, तेव्हा पंजाबचा सगळ्यात ताकदवान माणूस तो होता, आणि तो ज्याच्यापुढे डोकं टेकवायचा त्यात रविदास चांभार आहेत, कबीर विणकर आहेत, आणि नामदेवांचा तो शबद आहे ज्यात ते सांगतात की हसत खेळत तुझ्या देवळात आलो, भजन करत होतो, मला धरून उठवलं. 'हीनड़ी जाति मेरी जादिम राइआ', माझी जात हीन, हे यादवराया, मला शिंप्याच्या घरी जन्म का दिलास. ज्याला देवळातून उठवलं त्याची ती ओळ आज मखमली गादीवर आहे आणि तुम्ही-आम्ही खाली बसतो. मला विचाराल तर रुमाले आणि चवरीचा सगळा अर्थ मला या एका अंगावर, 1164 वर मिळतो.

यात कोर्टाचाही एक निकाल आहे, 2000 सालचा सुप्रीम कोर्टाचा, जमिनीच्या नोंदीवरून खटला होता. कोर्टाने म्हटलं की गुरुद्वाऱ्यात प्रतिष्ठित झालेला गुरू ग्रंथ साहिब कायद्याने न्यायिक व्यक्ती आहे, त्याच्या नावावर मालमत्ता असू शकते. पण हेही स्पष्ट केलं की त्याला मूर्तीच्या बरोबरीने धरता येणार नाही कारण शीख धर्म मूर्तिपूजा मानत नाही, आणि दुकानात ठेवलेली किंवा घरातली प्रत्येक छापील प्रत आपोआप न्यायिक व्यक्ती होत नाही. तुमच्या मुलाला हे सांगा, त्याला आवडेल.

आता जे खरं आहे ते पण सांगितलं पाहिजे. मान आणि पूजा यातली रेषा बारीक आहे आणि आमचे लोक ती ओलांडतात. 1945 ला शिरोमणी कमिटीने, म्हणजे गुरुद्वाऱ्यांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, जी रहत मर्यादा, म्हणजे शिखांची आचारसंहिता, मंजूर केली तिच्यात साफ लिहिलंय की दिवे पेटवून आरती करणं, भोग लावणं, मंजी साहिबचे, म्हणजे ग्रंथ ठेवतात त्या छोट्या पलंगाचे, पाय चेपणं, खाली पाणी ठेवणं, पाठाच्या वेळी शेजारी कुंभ-नारळ ठेवणं, हे गुरमतीला, म्हणजे गुरूंच्या शिकवणीला, धरून नाही. आणि तरी तुम्ही आमच्याकडे हुजूर साहिबला संध्याकाळी आलात तर दिव्यांची आरती बघितलीच असेल. इथली मर्यादा जुनी आहे, पंजाबपेक्षा वेगळी आहे, इथे दशम ग्रंथाचाही, म्हणजे गुरू गोबिंदसिंघांच्या मानल्या जाणाऱ्या रचनांच्या ग्रंथाचाही, प्रकाश होतो, आतल्या खोलीत शस्त्रं आहेत, गोदावरीतून रोज पाणी आणतात. याच्यावर पंथात, म्हणजे शीख समाजात, मतभेद आहेत आणि मी इथेच वाढलोय त्यामुळे त्या आरतीशी माझा जीव जडलेला आहे, ते लपवत नाही. पण कुणी मला विचारलं की गुरूला जास्त काय आवडेल, ताट ओवाळणं की एक शबद समजून वाचणं, तर उत्तराला मला क्षणभरही लागत नाही. रामदासांच्या त्या 'बाणी गुरू' च्या पुढच्याच ओळीत आहे, 'गुरु बाणी कहै सेवकु जनु मानै परतखि गुरू निसतारे', गुरू बाणी सांगतो, सेवकाने ती मानली की प्रत्यक्ष गुरू तारतो. मानै. नुसतं डोकं टेकवणं सोपं आहे, मानणं अवघड आहे.

ज्ञानेश्वरीच्या पारायणात आणि यात फरक काय हेही विचारलंत. सासूबाईंच्या पारायणाला माझा मनापासून नमस्कार, भाव तोच आहे. फरक एका जागी आहे. तुमच्याकडे ग्रंथ आहे, विठ्ठल आहे, आणि माळ घालणारे महाराजही असतात, फडाची परंपरा असते. आमच्याकडे 1708 नंतर त्या गादीवर कुठलाच माणूस बसू शकत नाही. मी ग्रंथी आहे म्हणजे पुजारी नाही, वाचणारा आहे, ज्याला वाचता येतं ती बाई किंवा पुरुष कुणीही पाठ करू शकतं. कथावाचक अर्थ सांगतो तो त्याचा अर्थ, गुरूचा नाही, पटला नाही तर परत ओळीकडे जायचं. कारभाराचे निर्णय पंथ मिळून घेतो, पाच प्यारे, म्हणजे पंथाच्या वतीने बसणारे पाच शीख, 1699 पासून आहेत, पण तो पंथही ग्रंथाच्या समोर बसून निर्णय घेतो. अधूनमधून कुणी बाबा उभा राहतो आणि स्वतःला देहधारी गुरू म्हणवतो, लोक जातातही त्याच्यामागे, कारण बोलणारा माणूस आपल्याला हवा तो दिलासा देतो. ग्रंथ तसा दिलासा देत नाही, तो काय म्हणतो ते, नवव्या गुरूंची बाणी सोडली तर, 1604 पासून लिहिलेलं आहे, माझ्या सोयीने बदलत नाही. प्रत्येक शबदाखाली आकडे घातलेत, पदांचा, शबदांचा, मग एकूण, कुणाला मध्ये एक ओळ सुद्धा घुसवता येऊ नये म्हणून. माझ्यासारख्याला या न बदलण्याचा फार आधार वाटतो.

ग्रंथ जीर्ण झाला की त्याला रद्दीत देत नाहीत, माणसासारखा अग्नी देतात, अगन भेट म्हणतात, गोइंदवाल साहिबला ही सेवा होते. मी एकदाच तिथे उभा होतो. पानं कित्येक वर्षं हातांनी उलटून कोपऱ्याला काळी पडलेली होती. मला तेव्हा ते पुस्तक वाटलं नाही.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर गुरमुखी शिकायला मराठी माणसाला तीन-चार आठवडे पुरतात, आकार पुष्कळसे देवनागरीच्या जवळचे आहेत. तोपर्यंत देवनागरीत छापलेलं मिळतं ते चालेल. अर्थासाठी प्रोफेसर साहिबसिंघांचं दर्पण आहे, दहा खंड, पंजाबीत, व्याकरण धरून केलेलं. पूर्ण सहज पाठ, म्हणजे सवडीने थोडा थोडा वाचत अख्खा ग्रंथ, करायचा म्हटलं तर रोज पाच अंग धरले तर 286 दिवस. घाई करू नका. आधी फक्त नामदेवांचे 61 वाचा.

त्यातला राग रामकलीतला एक तुमच्यासाठी, अंग 972. 'आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले, पंच जना सिउ बात बतऊआ चीतु सु डोरी राखीअले'. पोरगा कागद आणतो, पतंग करतो, आकाशात उडवतो, चार मित्रांशी गप्पा मारतो पण चित्त दोरीवर. पुढे मुली पाण्याच्या घागरी डोक्यावर घेऊन हसत बोलत येतात, चित्त घागरीवर. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरावर. आणि शेवटी नामदेव त्रिलोचनाला सांगतात की आई बाळाला पाळण्यात निजवते, आतबाहेर कामं करत असते, चित्त बाळावर. हा शबद सासूबाईंना वाचून दाखवा, अर्थ सांगू नका, त्यांना 'राखीअले' कळेल. पुढच्या वेळी नांदेडला याल तेव्हा पहाटे प्रकाशाच्या वेळी या, गर्दी कमी असते, आणि मुलाला सोबत आणा, मी त्याला ते 972 अंग उघडून दाखवतो.